पिक्सेल एडिटरमध्ये आयकॉन आणि कर्सर काढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी आम्ही काही जण संगणकावर लहान चित्रं काढायला जमतो. आठवी-नववीतली मुलं येतात, कॉलेजची येतात, बँकेतून निवृत्त झालेली मंडळीही येतात. कुणाला फोल्डरसाठी आयकॉन हवं असतं, कुणाला स्वतःचा कर्सर, कुणाला दुकानाच्या वेबसाइटसाठी फेव्हिकॉन, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं छोटं चित्र. तिथे पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पिक्सेल एडिटर म्हणजे नक्की काय? फोटोवर काम करणारं सॉफ्टवेअर असताना तो कशाला हवा?

पिक्सेल एडिटरमध्ये चित्र म्हणजे चौकोनांची जाळी, आणि त्यातला एकेक चौकोन म्हणजे पिक्सेल. एक क्लिक केलं की एकच चौकोन रंगतो, शेजारच्याला धक्का लागत नाही. फोटोच्या सॉफ्टवेअरमधला ब्रश कडा मऊ करतो. मोठ्या चित्रात ते छान दिसतं, पण १६ पिक्सेल रुंदीच्या आयकॉनमध्ये ती मऊ कड म्हणजे नुसता डाग. ३२ बाय ३२च्या आयकॉनमध्ये १,०२४ पिक्सेल असतात आणि १६ बाय १६मध्ये अवघे २५६. इतक्या थोड्या जागेत प्रत्येक पिक्सेल तुम्ही ठरवून ठेवायचा असतो. साधनंही मोजकीच लागतात: पेन्सिल, खोडरबर, रंग ओतायची बादली, रंग उचलायचा ड्रॉपर, सरळ रेघ आणि आरसा. एवढ्यावर सगळं होतं.

कोणता एडिटर घेऊ? पैसे भरावे लागतात का?

सुरुवातीला एक रुपयाही खर्च करू नका. पिस्केल ब्राउझरमध्येच चालतो, फुकट आहे, आणि कमी ताकदीच्या जुन्या लॅपटॉपवरही अडत नाही. विंडोजवर थेट आयकॉन आणि कर्सरच्या फाइली बनवायच्या असतील तर ग्रीनफिश आयकॉन एडिटर प्रो घ्या. फक्त कर्सर काढायचे असतील तर रिअलवर्ल्ड कर्सर एडिटर घ्या. दोन्ही फुकट आहेत. पिक्सेलोरामा आणि लिब्रेस्प्राइट मुक्त स्रोत आहेत. एसप्राइट विकत घ्यावा लागतो. तो उत्तमच आहे, पण त्याचा खरा फायदा ॲनिमेशन करणाऱ्यांना. हात बसल्यावर घ्यायचा की नाही ते ठरवा.

पेनवाला टॅब्लेट लागत नाही. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा वायरचा माउस या कामाला पेनापेक्षा बरा, कारण इथे रेघ ओढायची नसते, चौकोन नेमका टिपायचा असतो.

विंडोजमधला पेंट चालेल का?

शिकायला चालेल. चित्राचं माप ३२ बाय ३२ करा, ८०० टक्के झूम करा आणि कंट्रोल व जी दाबून जाळी चालू करा. अडचण साठवताना येते. पेंटला आयसीओ, म्हणजे विंडोजची आयकॉनची फाइल बनवता येत नाही. काही जण बीएमपी फाइलचं नाव बदलून शेवटी आयसीओ लावतात. नावाने फाइलचा प्रकार बदलत नाही, आत चित्र बीएमपीच राहतं आणि पारदर्शक भाग मिळत नाही. पेंटमध्ये काढलेलं चित्र पीएनजीत साठवून दुसऱ्या एडिटरमध्ये न्या आणि तिथे आयकॉन बनवा.

आधी कोणत्या मापाचं काढावं?

मी सगळ्यांना आधी आलेख वहीवर काढायला लावतो. ३२ चौकोनांची चौकट आखायची आणि पेन्सिलने चौकोन भरायचे. १९८४च्या मॅकिंटॉशची मूळ आयकॉन सुझन केअर यांनी घडवली, आणि त्यांची सुरुवातही चौकोनी कागदावरच झाली. तेव्हा रंग नव्हते, प्रत्येक चौकोन काळा किंवा पांढरा. हसरा संगणक, कचऱ्याचा डबा, रंग ओतणारी बादली, सगळं त्या दोन रंगांत बसवलं होतं. कागदावर फायदा असा, की कंट्रोल-झेड नसल्याने हात चौकोन भरण्याआधी थांबतो.

वही झाली की ३२ बाय ३२ संगणकावर, आणि त्यानंतर १६ बाय १६ वेगळं.

वेगळं कशाला? मोठं चित्र काढून लहान केलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न दर रविवारी येतो, आणि आयकॉनच्या कामाचं मर्म यातच आहे, म्हणून उदाहरणाने सांगतो.

आमच्याकडची मुलं सर्वांत जास्त काय काढतात, तर काळी-पिवळी टॅक्सी आणि बेस्टची लाल डबलडेकर. टॅक्सीची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आणि जुनी डिझेल डबलडेकर, दोन्ही २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. कदाचित म्हणूनच मुलांना त्या काढाव्याशा वाटतात, आणि मला ते फार आवडतं.

३२च्या टॅक्सीत तुम्ही दोन दारं, त्यांच्या मुठी, बंपर, दिवा, टपावरचं कॅरिअर, सगळं दाखवू शकता. आता हेच चित्र संगणकाला निम्मं करायला सांगा. तो चार पिक्सेलांचा एक करतो. एक पिक्सेल जाडीची दाराची रेघ काळ्या रंगात मिसळून करडी होते. मूठ नाहीशी होते. काचेच्या निळ्यात छताचा पिवळा उतरतो आणि हिरवट छटा येते. कुठलाही तपशील धड उरत नाही, पण प्रत्येकाचा थोडा थोडा मळ मात्र राहतो.

१६ची टॅक्सी नव्याने काढायची. वरून चौथ्या ओळीत छत: पाचव्या ते अकराव्या रकान्यापर्यंत सात पिवळे पिक्सेल. पाचव्या आणि सहाव्या ओळीत काचा: फिकट निळ्या, मध्ये एक पिवळा खांब आणि दोन्ही टोकांना एकेक. सातव्या ओळीपासून बॉडी, दुसऱ्या रकान्यापासून पंधराव्यापर्यंत, चार ओळी सलग गडद. आठव्या ओळीत उजव्या टोकाला एक पिवळा पिक्सेल, तो दिवा. अकराव्या आणि बाराव्या ओळीत चाकं, तीन-तीन पिक्सेल रुंद, चौथ्या ते सहाव्या आणि अकराव्या ते तेराव्या रकान्यांत. झालं. दारं नाहीत, मुठी नाहीत, कॅरिअर नाही. तरी गिरगावातलं कुठलंही पोर लांबून सांगेल की ही टॅक्सी आहे, कारण काळ्यावर पिवळं ही तिची खूण आपण राखली.

डबलडेकरचंही तसंच. तिची खूण लाल रंग नाही, लाल तर साधी बसही असते. खिडक्यांच्या दोन आडव्या रांगा ही तिची खूण. १६मध्ये बाकी काही नसलं तरी चालेल, त्या दोन रांगा स्वच्छ दिसल्या पाहिजेत आणि त्यांच्यात लाल रंगाच्या निदान दोन ओळी हव्यात.

मोठ्या आयकॉनमध्ये काय घालायचं हे सुचतं. लहानात काय गाळायचं हे ठरवावं लागतं, आणि ते तुमच्याऐवजी संगणकाला ठरवू देऊ नका.

माझी काळी-पिवळी टॅक्सी गडद टास्कबारवर दिसेनाशी होते. काय करू?

पिवळं छत हवेत तरंगतं आणि खालची गाडी गायब, असं होतं. शुद्ध काळा रंग बॉडीला वापरूच नका. लाल ४५, हिरवा ४५, निळा ६० असा निळसर गडद रंग घ्या. चाकं शुद्ध काळी ठेवा, म्हणजे ती बॉडीपासून सुटी दिसतील. मग बॉडीच्या बाहेरून एक पिक्सेल जाडीची फिकट करडी कड फिरवा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती जवळजवळ दिसत नाही, गडदवर मात्र गाडी उचलून धरते.

कुठलंही आयकॉन पूर्ण झालं असं म्हणण्याआधी ते पांढऱ्या, काळ्या आणि मध्यम निळ्या अशा तिन्ही पार्श्वभूमींवर ठेवून, झूम १०० टक्के करून, हातभर मागे सरकून बघा. ८०० टक्क्यांवर सुंदर दिसणारी निम्मी आयकॉन इथे पडतात.

आयकॉनमध्ये मराठी अक्षर बसवायचं आहे. ते नेहमी गिचमिड का दिसतं?

कारण देवनागरीला उभी जागा जास्त लागते. रोमन मोठं अक्षर एका पट्ट्यात बसतं. आपल्याला तीन पट्टे लागतात: शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांटी-अनुस्वार, मधे अक्षराचं अंग, खाली उकार. १६ ओळींत हे तिन्ही बसवायचे.

दादरच्या फलाटावरचा इंडिकेटर नीट बघा. तिथे ठिपक्यांनी ‘बोरिवली’ उमटतं तेव्हा वेलांटीला किती ठिपके दिलेत, शिरोरेषा किती जाड आहे, दोन अक्षरांत किती अंतर सोडलंय, हे मोजा. गाडी उशिरा असेल तर तेवढा वेळ असतोच.

आता ‘मुं’ काढू. यात वर अनुस्वार आहे आणि खाली उकार, म्हणजे तिन्ही पट्टे आले. पहिल्या दोन ओळी अनुस्वाराला, दोन बाय दोनचा ठिपका. तिसरी ओळ कोरी. ही कोरी ओळ गाळायचा मोह होतो, पण ती गेली की अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि तिच्यावर गाठ आल्यासारखी दिसते. चौथी ओळ शिरोरेषेची. पाचव्या ते अकराव्या ओळीत ‘म’चं अंग. उजवीकडे काना, डावीकडे अर्ध्या उंचीपर्यंत उभी रेघ, तिच्या खाली गाठ, आणि गाठीपासून कान्यापर्यंत आडवी रेघ. गाठ तीन बाय तीनची काढा आणि मधला एक पिक्सेल रिकामा ठेवा. तो भरला की गाठीचा गोळा होतो. बाराव्या ते पंधराव्या ओळीत उकार, आणि सोळावी ओळ श्वास घ्यायला मोकळी.

काही अक्षरं लहान मापात हटकून फसवतात. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक डाव्या टोकाच्या वळणाचा आणि शिरोरेषेतल्या खंडाचा. १६ पिक्सेलमध्ये वळण काढायला जागाच नसते, म्हणून सगळी भिस्त खंडावर येते. तो निदान दोन पिक्सेल रुंद ठेवा, एक पिक्सेलचा खंड १०० टक्के झूमवर भरून आल्यासारखा दिसतो. ‘ष’मधली तिरकी रेघ अशीच. ती अंधुक झाली की ‘प’ होतो.

फाँटमध्ये टाइप करून लहान केलेलं अक्षर वापरू नका. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं दिसलेला ‘मंगल’ फाँट र. कृ. जोशी यांनी पडद्याचा विचार करून घडवला होता. तेही आपल्या मुंबईतलेच, आयआयटीत शिकवायचे. पण कोणताही फाँट ओळीत वाचायला असतो, शेजारी दुसरी अक्षरं आहेत असं धरून. आयकॉनमध्ये अक्षर एकटं असतं, त्याला चौकट भरायची असते. म्हणून अंग थोडं रुंद करा, आणि शिरोरेषा दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल बाहेर काढा.

आणि एक आग्रहाने सांगतो. दुकानाचं नाव मराठी असेल तर फेव्हिकॉनमध्ये मराठीच अक्षर घ्या. जमत नाही म्हणून रोमन अक्षर टाकणारे खूप आहेत, पण वरची रीत वापरली तर जमतं.

हिशेबाच्या फोल्डरसाठी रुपयाचं चिन्ह काढायचं आहे. काही युक्ती?

हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं गेलं. ते घडवणारे डी. उदय कुमार आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकलेले. चिन्हाचा जीव वरच्या दोन समांतर आडव्या रेघांत आहे, म्हणून काम तिथून सुरू करा. दोन्ही रेघा एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या, आणि मधे दोन ओळी मोकळ्या. मग गोलाई, आणि शेवटी खाली उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ. ती ४५ अंशांत, म्हणजे एक पिक्सेल खाली, एक उजवीकडे. गोलाई आधी काढली की रेघांना जागा उरत नाही आणि चिन्ह नुसत्या ‘र’सारखं दिसतं.

तिरक्या रेघा आणि गोल दातेरी दिसतात. ते कसं टाळायचं?

तिरकी रेघ म्हणजे पायऱ्या. सगळ्या पायऱ्या सारख्या असल्या की डोळा त्यांना रेघ मानतो. एक-एक-एक चालेल, दोन-दोन-दोन चालेल, तीन-तीन-तीनही. दोन-एक-तीन-एक-दोन आलं की रेघ थरथरते. गोलाईत पायऱ्यांची लांबी क्रमाने बदलावी: पाच, तीन, दोन, एक, एक, आणि मग उभ्या दिशेने तशीच दोन, तीन, पाच. मधेच क्रम उलटा फिरला की तिथे कोपरा दिसतो.

पायऱ्यांच्या कोपऱ्यात मधल्या रंगाचे पिक्सेल घालून कड मऊ करता येते. चित्राच्या आत ते खुशाल करा. बाहेरच्या कडेला जपून. पांढऱ्यावर शोभणारा फिकट पिक्सेल गडद पार्श्वभूमीवर कोंड्यासारखा चमकतो.

किती रंग वापरावेत?

आठ ते सोळा पुरतात. प्रत्येक रंगाच्या दोन किंवा तीन छटा घ्या. उजेड वरून डावीकडून येतोय असं धरा, आणि एका संचातल्या सगळ्या आयकॉनमध्ये तो तसाच ठेवा. चारी बाजूंनी गडद आणि मधे फिकट अशी सावली नवे लोक हमखास काढतात. त्याने सगळ्या वस्तू फुगलेल्या दिसतात.

आयकॉन आणि कर्सर यांत फरक काय?

फाइलच्या दृष्टीने दोन्ही सख्खी भावंडं आहेत. विंडोजच्या आयसीओ (आयकॉनच्या) आणि सीयूआर (कर्सरच्या) फाइलींची रचना जवळपास एकच. सुरुवातीच्या एका आकड्यात आयकॉनसाठी १ आणि कर्सरसाठी २ असतो. खरा फरक एकच: कर्सरला हॉटस्पॉट असतो.

हॉटस्पॉट म्हणजे?

कर्सर दिसायला ३२ बाय ३२चं चित्र असलं तरी क्लिक होतं फक्त एका पिक्सेलवर. तो पिक्सेल म्हणजे हॉटस्पॉट. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून, शून्यापासून. म्हणजे ३२च्या चित्रात रकाने ० ते ३१.

बाणाचं टोक अगदी कोपऱ्यात असेल तर हॉटस्पॉट ०, ०. पेन्सिलीच्या आकाराचा कर्सर असेल तर तो शिसाच्या टोकावर. भिंगाच्या कर्सरला काचेच्या मधोमध. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे मोदकाचे कर्सर निघतात, आणि बहुतेकांचा हॉटस्पॉट कोपऱ्यातच राहून जातो, कारण एडिटर आपणहून तिथेच ठेवतो. मग मोदकाचं टोक बटणावर आहे, पण क्लिक लागतंय पंधरा-सोळा पिक्सेल डावीकडे, आणि माउस बिघडला अशी तक्रार येते. मोदकाच्या कळ्या जिथे वर एकत्र येतात त्या टोकाचा पिक्सेल मोजा आणि तोच आकडा भरा. टोक चौदाव्या रकान्यात, तिसऱ्या ओळीत असेल तर शून्यापासून मोजताना १३ आणि २.

म्हणून कर्सरचं चित्र निवडतानाच विचार करा, की याला बोट दाखवणारी एक जागा आहे का? मोदकाला आहे, भाल्याला आहे, वडापावाला नाही. वडापावाचं आयकॉन करा.

कर्सरचा बाण डावीकडे झुकलेला का असतो?

९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगासमोर चालवून दाखवला, तेव्हा पडद्यावरची खूण सरळ वर बघत होती. पुढे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बाण तिरका झाला. पिक्सेलमध्ये काढून बघा म्हणजे कारण हाताला कळेल. झुकलेल्या बाणाची डावी कड पूर्ण उभी आहे आणि उजवी ४५ अंशांत. दोन्ही रेघा विनादातेरी येतात. सरळ वर बघणाऱ्या निमुळत्या बाणाच्या दोन्ही बाजू मात्र वेड्यावाकड्या पायऱ्यांच्या होतात. शिवाय टोक कोपऱ्यात असल्याने हॉटस्पॉटही सोपा.

काळा बाण असेल तर पांढरी कड द्या, पांढरा असेल तर काळी. कर्सर कुठेही जातो, त्याला पार्श्वभूमी निवडता येत नाही.

हलणारा कर्सर करता येईल का?

येईल. विंडोजमध्ये त्याची फाइल एएनआय प्रकारची. प्रत्येक चित्र किती वेळ दिसावं हे सेकंदाच्या साठाव्या भागात मोजतात, म्हणजे १० लिहिलं की सेकंदाचा सहावा भाग. ‘थांबा’ म्हणणाऱ्या कर्सरसाठी दिवाळीचा कंदील झुलवून बघा: डावीकडे, मधे, उजवीकडे, परत मधे. तीन चित्रं काढून चार पायऱ्या होतात. उजवीकडचं चित्र डावीकडच्याचा आरसा केला तरी चालतं, फक्त उजेडाची बाजू पुन्हा हाताने दुरुस्त करा. खाली झिरमिळ्या एक पायरी उशिरा हलल्या तर कंदील कागदाचा वाटतो.

नेहमीचा बाण मात्र हलता ठेवू नका. दिवसभर डोळ्यांसमोर काहीतरी लुकलुकत राहतं.

आजोबांना कर्सर दिसत नाही. त्यांच्यासाठी मोठा काढू का?

आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी (विंडोज १०मध्ये ‘ईझ ऑफ ॲक्सेस’) या भागात माउस पॉइंटरचा आकार आणि रंग बदलून बघा. विंडोज १० आणि ११ दोन्हींत ही सोय आहे आणि बहुतेकांना ती पुरते. त्यांना मोतीबिंदूचा त्रास असेल तर पातळ कडांपेक्षा भरीव आकार बरा. स्वतः काढायचा झाल्यास ४८ किंवा ६४ पिक्सेलचा भरीव पिवळा बाण, तीन पिक्सेल जाडीची काळी कड, आणि सावली अजिबात नाही. काढल्यावर त्यांना बसवून बघा आणि ते कुठे चाचपडतात त्यावर बदल करा.

वेगवेगळ्या मापांची चित्रं एका फाइलमध्ये कशी घालायची?

आयसीओ फाइल म्हणजे एका पाकिटात अनेक चित्रं. विंडोज गरजेप्रमाणे त्यातलं योग्य माप उचलतं. निदान १६, ३२, ४८ आणि २५६ ही चार मापं घाला. हल्लीच्या लॅपटॉपवर पडदा १२५ किंवा १५० टक्क्यांवर ठेवलेला असतो, तेव्हा १६च्या जागी २० किंवा २४ लागतं. वेळ असेल तर २४ही काढा.

गिंप या फुकट चित्र-सॉफ्टवेअरमध्ये हे सोपं आहे. प्रत्येक मापाचं चित्र वेगळ्या लेयरवर ठेवा आणि आयसीओ म्हणून एक्स्पोर्ट करा, प्रत्येक लेयर एक माप होतो. २५६साठी पीएनजी दाबून ठेवण्याचा पर्याय निवडा, तो विंडोज व्हिस्टापासून चालतो. लहान मापांना गरज नाही.

बरोबर बनली की नाही हे फाइलच्या वजनावरूनही कळतं. एकच १६ बाय १६चं, ३२ बिट रंगांचं साधं आयकॉन १,१५० बाइटचं होतं, आणि ३२ बाय ३२चं ४,२८६ बाइटचं. चार मापं घातली आणि फाइल तरी १,१५०ची दिसतेय, तर बाकीची आत गेलेलीच नाहीत.

वेबसाइटसाठी काय वेगळं करावं लागतं?

फेव्हिकॉनसाठी १६ आणि ३२ असलेली एक आयसीओ फाइल साइटच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवा. ही प्रथा १९९९च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५पासूनची आहे आणि ब्राउझर अजून तिथे शोधतात. कर्सर सीएसएसमधून (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतून) पीएनजीनेच देता येतो, हॉटस्पॉटचे दोन आकडेही तिथेच लिहायचे. त्यापुढे नेहमीच्या कर्सरचं नाव पर्याय म्हणून द्यावंच लागतं, ते विसरलं की ब्राउझर सगळी ओळ सोडून देतो. माप ३२च्या वर नेऊ नका.

फोनच्या ॲपसाठी पिक्सेलचं आयकॉन चालेल का?

चालेल, फक्त मोठं करताना पूर्ण पटीत करा. प्ले स्टोअरला ५१२ बाय ५१२ लागतं. ३२ची सोळा पट ५१२, ६४ची आठ पट ५१२. ४८ मात्र पटीत बसत नाही, काही चौकोन दहा पिक्सेलचे होतील, काही अकराचे, आणि ते ओबडधोबड दिसेल. मोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’ हाच पर्याय निवडा, बाकीचे सगळे कडा पुसट करतात.

फोनवर काढता येईल का?

पिक्सेल स्टुडिओसारखी ॲप आहेत. लोकलमध्ये बसायला मिळालं तर १६ बाय १६चं काम आरामात होतं. ३२च्या पुढे बोटाखाली काय चाललंय ते दिसत नाही.

जेपीजीत साठवलं तर?

नको. जेपीजी चित्राचे आठ बाय आठचे तुकडे करून दाबते, त्यामुळे स्वच्छ कडांभोवती मळकट ठिपके उठतात, आणि पारदर्शकपणाही जातो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तरी हेच होतं. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एखाद्या संस्थेचं बोधचिन्ह काढून वापरलं तर?

स्वतःच्या फोल्डरवर सरावासाठी काढणं वेगळं. विकायच्या किंवा वाटायच्या संचात मात्र रेल्वे, बेस्ट, बँका यांची बोधचिन्हं घालू नका, ती त्यांची आहेत. लोकलचा डबा काढा, लाल बस काढा, त्यावरचं चिन्ह सोडा.

फोल्डरचं आयकॉन बदललं, पण जुनंच दिसतंय. का?

विंडोज आयकॉनची प्रत साठवून ठेवतं आणि तीच दाखवत राहतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फाइलला नवं नाव देऊन पुन्हा निवडणं. फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन. तरी नाही झालं तर संगणक एकदा बंद करून चालू करा. ब्राउझरही फेव्हिकॉन असाच धरून ठेवतो, त्यामुळे तपासताना खासगी विंडो उघडा.

आयसीओ फाइल एका जागी ठेवून मग निवडा. डेस्कटॉपवरून निवडली आणि नंतर आवराआवरीत हलवली, की फोल्डर पुन्हा जुना पिवळा दिसू लागतो. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘आयकॉन’ नावाचा फोल्डर करा, तयार फाइली त्यात, आणि एडिटरच्या मूळ लेयरवाल्या फाइली त्याच्या शेजारी दुसऱ्या फोल्डरमध्ये. पुढच्या वेळी २४चं माप वाढवायचं झालं की त्याच मूळ फाइली लागतात.